तेरचे वस्तुसंग्रहालय : मडके आणि कुंभार

देशोदेशीच्या मोठ्या संग्रहालयांची वर्णने वाचताना आम्हांस एक प्रश्न नेहमी पडत आला आहे. तेथे केवळ वस्तू जपल्या जातात, की त्या घडविणारी माणसेही? दूरच्या वैभवाला असा प्रश्न विचारणे सोपे. तो घरच्या उंबरठ्यावर विचारून पाहावा, म्हणून धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाविषयी येथे लिहीत आहोत.

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई, असे तो अनामिक लेखक सांगतो. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. पुढे १९५८ साली चापेकरांच्या उत्खननाने या नगराचे थर उजेडात आणले. परंतु संग्रहालयाचा पाया उत्खननाने घातलेला नाही. गावातील पांढरीच्या टेकाडांवर, शेताबांधांवर मिळणाऱ्या मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या अशा वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आस्थेने गोळा केल्या. इतरांना ज्या खापऱ्या वाटत, त्यांत त्यांना इतिहास दिसला. त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय उभे राहिले. एका खेडेगावातील माणसाचे हे ऋण मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

या संग्रहाची कीर्ती झाली ती हस्तिदंती स्त्रीमूर्तीमुळे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेव्हापासून तेरचे नाव निघाले की लागलीच रोमचे नाव येते. आमचा आक्षेप आहे तो येथेच. पाँपेईच्या साम्यावरून तेरची थोरवी ठरविणे, म्हणजे घरच्या लेकराचे कौतुक शेजाऱ्याने शाबासकी दिल्यावर करण्यासारखे आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही त्याच घाटाची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. याचा सरळ अर्थ असा, की ही कला या प्रदेशात रुजलेली असावी आणि ती जाणणारे हात येथे राबत असावेत. ते हात कोणाचे, हा प्रश्न रोमच्या झगमगाटात मागे पडतो.

कापडाचे तर याहून कठीण. तगरची ख्याती कापडाची. पण कापड मातीत टिकत नाही. रंगकामाचे मानले गेलेले हौद उत्खननात मिळाले, विणकर मात्र निशाणी न ठेवता गेला. नगराचा सर्वांत मोठा उद्योग कपाटात मांडताच येत नाही. अशा वेळी संग्रहालयाने जे नाही त्याविषयीही बोलले पाहिजे, अशी आमची अपेक्षा आहे.

येथे ॲम्स्टरडॅमच्या राईक्सम्युझियमची आठवण होते. डच कला व इतिहासाच्या या राष्ट्रीय संग्रहालयाची आजची वास्तू १८८५ साली खुली झाली. तिचा वास्तुविशारद कौपर्स हा कॅथलिक. ही इमारत राष्ट्राच्या संग्रहालयापेक्षा बिशपांच्या वाड्यासारखी दिसते, अशी ओरड तेव्हा प्रॉटेस्टंट मंडळींनी केली होती. आज तेथे रेम्ब्राँच्या ‘रात्रीचा पहारा’ या भव्य चित्राइतकीच गर्दी व्हरमेरच्या एका लहान चित्रापुढे होते. त्यात आहे केवळ दूध ओतणारी एक मोलकरीण. २०१३ साली नूतनीकरणानंतर संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा चित्रे, भांडी, जहाजांच्या प्रतिकृती यांची कालक्रमाने एकत्र मांडणी झाली. २०२१ मध्ये डच वसाहतींतील गुलामगिरीवरील प्रदर्शनात दहा व्यक्तींच्या जीवनकथा सांगण्यात आल्या. ज्यांच्या कष्टावर वैभव उभे राहिले, त्यांना उशिरा का होईना, त्याच छताखाली जागा मिळाली. साधनांच्या बाबतीत तेरची त्या संस्थेशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण ही दृष्टी पैशांवर अवलंबून नसते.

शिवाय तेरला एक भाग्य असे लाभले आहे, जे ॲम्स्टरडॅमला नाही. या गावाचा संत कुंभार आहे. चिखल तुडविणारे, थापटण्याने संतांची डोकी पारखणारे गोरोबाकाका येथलेच. एकाच गावात एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी आहेत आणि दुसरीकडे कुंभाराची समाधी. मडके आणि कुंभार यांची अशी शेजारगाठ क्वचितच आढळेल. संग्रहालयाचा मार्गदर्शक प्रवाशाला रोमला नेतो तेवढ्याच अगत्याने गोरोबांच्या चाकापाशीही नेईल, तर त्या खापऱ्या बोलू लागतील. संदेष्टा यिर्मयालाही परमेश्वराने आपले वचन ऐकण्यासाठी कुंभाराच्याच घरी धाडले होते, राजवाड्यात नव्हे.

हे सारे आम्ही आपल्या लोकांसाठीही लिहीत आहोत. मराठवाड्यातील आपले पूर्वज बहुतांशी शेतांत, बांधांवर राबणारे होते. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. हाताने उतरवून घेतलेल्या गीतांच्या वह्या, झिजलेली जपमाळ, पहिल्या प्रार्थनाघरातील लाकडी क्रूस या वस्तू घर बदलताना, मंदिर नवे बांधताना अडगळ म्हणून टाकल्या जातात. मग आपल्याला इतिहासच नाही, अशी खंत आपणच करतो. लामतुरे यांच्याजवळ पदवी किंवा शासनाचा हुकूम असण्याची गरज पडली नाही. वाकून उचलण्याची वृत्ती पुरली. प्रत्येक धर्मग्रामाने एक कपाट राखावे, आणि वस्तूसोबत ती वापरणाऱ्याचे नावही लिहून ठेवावे. तेरमध्ये नावे हरवली, त्यास आता इलाज नाही. आपल्याकडे ती सांगणारी वृद्ध माणसे अजून आहेत.