लखनौची मेट्रो आणि कादंबरीतील चौक

अमृतलाल नागर यांच्या ‘बूँद और समुद्र’ (१९५६) या कादंबरीत लखनौचा चौक ही निव्वळ पार्श्वभूमी नाही; गल्लीतून पायी जाणाऱ्याच्या कानावर जे पडते, त्यातून तिचे कथन आकार घेते. २०१७ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शीपुलिया असा पूर्ण झालेला सुमारे २३ किलोमीटरचा पहिला मेट्रोमार्ग चारबाग, हजरतगंज, विद्यापीठ असा जातो. चौकाला तो स्पर्शही करीत नाही. परिणामी कादंबरीतील लखनौ आणि मेट्रोच्या नकाशावरील लखनौ ही दोन निराळी शहरे ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या चारबाग-वसंतकुंज मार्गावर मात्र अमीनाबाद व चौक ही भुयारी स्थानके आहेत. अब्दुल हलीम शरर यांच्या ‘गुज़िश्ता लखनऊ’पासून बळावलेला ‘हरवलेल्या नगरा’चा साचा (शोक ही लखनौविषयक लेखनाची जवळजवळ सवयच!) येथे अपुरा पडतो. भुयारी मार्गाने गल्ली नष्ट होत नाही, ती प्रवाशाच्या दृष्टिक्षेपातून वगळली जाते. मुंबईची लोकल मराठी कथा-कवितेत आली ती दारा-खिडकीतून दिसणाऱ्या चाळी-झोपड्यांसह. चौकाखालून जाणाऱ्या प्रवाशापुढे काळोखी भिंतच असेल. नागरांचा ऐकणारा निवेदक त्याला भेटायचा, तर आधी स्थानकाच्या पायऱ्या चढून वर यावे लागेल.