तत्त्वपदे आणि गिटार

जुन्या पदास नवे वाद्य लाभले, म्हणजे त्याचे एक प्रकारे भाषांतरच होते. शब्द तेच राहत असल्याने या भाषांतराची चिकित्सा मात्र क्वचितच होते. ‘द रघु दीक्षित प्रोजेक्ट’ या बंगळूरच्या वाद्यवृंदाचा ‘अंतराग्नी’ (२००८) हा पहिला ध्वनिसंग्रह अशा चिकित्सेस पात्र आहे. संत शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) यांची दोन कन्नड तत्त्वपदे त्यात रॉकच्या साजात गायिली आहेत.

तुलनेसाठी जर्मनीतील ‘इन एक्स्ट्रेमो’चा ‘वेक्ट डी टोटन!’ (१९९८) घ्यावा. वाल्टर फॉन डेर फोगेलवायडे या मध्ययुगीन कवीचे धर्मयुद्धगीत त्यात मशकवाद्ये आणि जडभारी विद्युत्-गिटार यांच्या मेळातून उभे राहते. त्या गीताची प्राचीन जर्मन भाषा आजच्या श्रोत्यास सहज उमगत नाही. म्हणून तेथे नाद हाच अर्थ होऊन बसतो. शरीफांची कन्नड जिवंत आहे, आणि सी. अश्वथ यांच्या कंठातून ही पदे पूर्वीच घरोघरी पोहोचली होती. येथे नादाला अर्थाशी हिशेब चुकता करावाच लागतो.

परंपरेचा भंग झाला, हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. येलहंक्याच्या ‘सृष्टी’ संस्थेत २००३ साली शबनम वीरमानी यांनी आरंभिलेल्या कबीर-प्रकल्पातील चित्रपटांनी हेच दाखविले, की प्रांत आणि गायक बदलला की पदही बदलते. मौखिक परंपरेत ‘मूळ चाल’ ही बहुधा आपली सोयीची कल्पना असते. प्रश्न एवढाच, की नव्या साजात रूपक शाबूत राहते काय?

गुडगुडीच्या पदात ते राहते. हुक्क्याचा झुरका घ्यावयास सांगून आत्मशोधनाकडे नेणारे हे पद नाथांच्या भारुडाचे सगोत्र आहे. सोंग आधी, बोध मागाहून. द्रुत लयीवर डोलणारा श्रोता त्या सोंगातच सामील होतो. अज्ञानाने गळू लागलेल्या घराचे पद मात्र निराळ्या प्रकृतीचे आहे. त्यातील जाणीव एकट्याची आहे; छपरातून गळणारा थेंब ऐकू येण्यास भोवती शांतता लागते. वाद्यमेळाच्या भरगच्चपणात ती पुरेशी उरत नाही.

तेव्हा दोष गिटारचा नव्हे. प्रत्येक पद आपल्यापुरते मौन मागत असते. ते किती, हे ओळखणे हीच भाषांतरकाराची, आणि गायकाचीही, खरी कसोटी होय.