प्रतीक्षा आणि सोबत : 'संध्याछाया' व 'समय सरगम'

वार्धक्यातील एकाकीपणा हा मराठी रंगभूमीचा जुना विषय आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) बापाला घर उरत नाही. त्याच दशकातील जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मध्ये घर शाबूत आहे, मुले मात्र तेथे नाहीत. अप्पासाहेब बेलवलकरांचे दुःख अपमानातून येते, तर नाना-नानींचे प्रतीक्षेतून. अपमान करणारा डोळ्यांसमोर असतो. प्रतीक्षेचा दोष कोणावर ठेवावा, हे सहज ठरत नाही.

नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत स्थायिक होतो, तर संरक्षण दलात गेलेला दुसरा मरण पावतो. परदेशस्थ मुलाला कृतघ्न ठरवून या नाटकाचा अर्थ लावणे सोपे आहे. परंतु मुलाने शिकावे, मोठे व्हावे, ही आकांक्षा मुळात आईबापांचीच असते. ती सफल होते आणि तिच्या साफल्यातूनच त्यांचे एकटेपण जन्माला येते. मुंबईत अमेरिकेच्या माहिती खात्यात नोकरी केलेल्या दळवींनी त्या देशाला खलपात्र केले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. नाना-नानी अखेरीस स्वतःचे जीवन संपवतात. हा शेवट प्रेक्षकाला हेलावून टाकतो. पण अपत्यांवाचून आयुष्याला प्रयोजन नाही, हे गृहीतक नाटक तपासून पाहत नाही. त्याची मर्यादा येथे आहे.

दळवींप्रमाणेच १९२५ साली जन्मलेल्या कृष्णा सोबती यांच्या 'समय सरगम' (२०००) या हिंदी कादंबरीशी तुलना केली असता ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. सोबतींचे उत्तरायुष्य यमुनेपलीकडील मयूर विहार या दिल्लीच्या सदनिकांच्या वसाहतीत गेले. कादंबरीतील अविवाहित लेखिका आरण्या आणि विधुर ईशान हेही अशाच महानगरी सदनिकांतून राहतात. फिरायला जाणे, बोलणे, मतभेद, आजारपण आणि मित्रांचे मृत्यू यांतून त्यांचे दिवस घडतात. मृत्यू येथेही सतत जवळ आहे. तथापि तो येईपर्यंतचा काळ स्वतःचा आहे, अशी आरण्याची ठाम धारणा आहे. संततीजवळ राहूनही वृद्धांच्या वाट्याला उपेक्षा येते, हेही कादंबरी दाखवते. त्यामुळे परदेशगमन हेच दुःखाचे मूळ, ही समजूत टिकत नाही.

मात्र आरण्याच्या मापाने नानींना मोजणे अन्यायाचे होईल. आरण्यापाशी लेखन आहे, आर्थिक स्वातंत्र्य आहे, स्वतःची खोली आहे. नानींचे सारे कर्तृत्व संसारात आणि मुलांत गुंतलेले. मुले दूर गेल्यावर त्यांना परतायला स्वतःचे असे काही उरत नाही. म्हातारपणी मन सावरण्याचे बळ आयुष्याच्या मध्यान्हीच जमवावे लागते आणि स्त्रीला ते जमवू दिले जाते की नाही, हा प्रश्न दोन्ही कृती एकत्र वाचल्यावर समोर येतो.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. तो निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकतो; संवाद मिळवून देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. आज दूरदेशीच्या मुलाचा चेहरा पडद्यावर दिसतो, पण संभाषण संपल्यावर घर पुन्हा तितकेच शांत होते. त्या शांततेचे भय दळवींनी अचूक टिपले. ती शांतता शेजारच्या समवयस्क माणसाबरोबर वाटून घेता येते, ही शक्यता सोबतींनी दाखवली. मराठी नाटक-कादंबरीने या शक्यतेकडे अधिक गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.