डिफॉल्ट व्हॅल्यू: सोय कुणाची, निर्णय कुणाचा?

फंक्शनच्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट व्हॅल्यू दिली की वापरणाऱ्याचं टायपिंग वाचतं. पायथनचं प्रिंट दोन शब्दांमध्ये आपोआप जागा सोडतं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. माझा आक्षेप आहे तो तुमचं उत्तरच बदलणाऱ्या डिफॉल्टवर.

करून पाहा. २, ४, ६ या आकड्यांचं प्रमाण विचलन नमपायमध्ये १.६३ येतं आणि पांडासमध्ये २. दोन्ही बरोबरच आहेत. नमपाय ३ ने भागतं, पांडास एक कमी करून २ ने. फरक आहे 'डीडीओएफ' या आर्ग्युमेंटचा: एकीकडे डिफॉल्ट ०, दुसरीकडे १. म्हणजे तुमचा डेटा हा नमुना आहे की संपूर्ण समष्टी, हे लायब्ररीनेच ठरवून टाकलं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, मान्य. पण जे आर्ग्युमेंट लिहावंच लागत नाही, त्याबद्दल वाचायला कोण जातं?

सायकिट-लर्नचं लॉजिस्टिक रिग्रेशन याच्या पुढचं. काहीही न सांगता चालवलंत तर एल-टू रेग्युलरायझेशन लागतं, सी ची किंमत १ धरून. त्यामुळे गुणांक शून्याकडे ओढले जातात. नुसतं भाकीत करायचं असेल तर याचा बऱ्याचदा फायदाच होतो. पण तुम्ही त्याच गुणांकांवरून ऑड्स रेशो काढून प्रबंधात अर्थ लावणार असाल, तर ते आकडे तुम्हाला वाटतात ते नाहीत. वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये दिलं तरी मॉडेल बदलतं!

शिवाय डिफॉल्ट कायम राहत नाहीत. याच लायब्ररीच्या ०.२२ आवृत्तीत (२०१९) रँडम फॉरेस्टमधल्या झाडांची डिफॉल्ट संख्या १० वरून १०० झाली. म्हणून पेपरमध्ये आवृत्ती न देता 'डिफॉल्ट सेटिंग्ज वापरल्या' एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि व्हायवात 'लायब्ररीत तसंच होतं' हे उत्तर चालत नाही.

मग करायचं काय? निष्कर्षावर परिणाम करणारी प्रत्येक व्हॅल्यू कोडमध्ये स्वतः लिहा, ती डिफॉल्टइतकीच असली तरी. आवृत्ती नोंदवा. स्वतः फंक्शन लिहिताना अशा आर्ग्युमेंटला डिफॉल्ट देऊच नका. वापरणारा ते विसरला तर पायथन तिथेच एरर देईल. थोडा त्रास होईल, पण निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागेल.