विका, फिशरराव, विका!

साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणारा आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी लिहिणारा माणूस आपल्याकडे घराण्याचा आदर्श समजला जातो. अशा घराण्यात जन्मलेल्या मला ‘मनीबॉल’ हा सिनेमा आवडला नसता तरच नवल. (तो आला २०११ साली, मायकेल लुईस यांच्या २००३ सालच्या पुस्तकावरून.) बेसबॉलमधलं मला कळतं ते एवढंच, की मैदानातल्या ठाण्यांना फेरी मारून सुखरूप घरी परत आलं की एक धाव मिळते. पण गोष्ट कळायला तेवढं पुरे. २००२ साली ओकलंड ॲथलेटिक्सकडे खेळाडूंच्या पगारासाठी जेमतेम ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजकडे साडेबारा कोटी. आणि मोसमात दोघांनी सामने जिंकले सारखेच : १०३! ओकलंडनं तर मध्येच सलग २० जिंकले. बिली बीन या व्यवस्थापकानं बाजारात कुणी विचारत नसलेले खेळाडू आकडेमोड करून उचलले. म्हणजे मंडईत संध्याकाळी सातनंतर जाऊन उरलेल्या वांग्यांतली बरी वांगी निवडावीत, तसं. मी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्या माझ्यावर डाफरला तो माझा भाचा. तो ओकलंडजवळ फ्रीमाँटला राहतो आणि या संघाचा भक्त आहे. “मामा, तुम्ही मुनिमासाठी टाळ्या वाजवताय, आणि त्या खिशात घालतोय शेठ!”

माझ्या मते त्या सिनेमावर याहून नेमकी टीका कुणी केलेली नाही. पुस्तकात आणि पडद्यावर काटकसर ही हुशारी होती, नाइलाजातून सुचलेली. पुढं नाइलाज गेला आणि काटकसर तेवढी राहिली. तिला आपल्याकडे वेगळा शब्द आहे : चिक्कूपणा.

तसा या संघाला शेठ नेहमीच नमुनेदार लाभले. सत्तरच्या दशकातले चार्ली फिन्ली एक खेचर पाळून मिरवीत आणि १९७२ साली त्यांनी मिशा वाढवणाऱ्या खेळाडूंना ३०० डॉलर बक्षीस दिलं. पुढं खेळाडूंना बाजारभाव द्यायची वेळ आली तेव्हा १९७६ साली तीन बिनीचे खेळाडू ३५ लाखांना फुंकायला निघाले. खेळाच्या आयुक्तांनी तो सौदाच रद्द केला. पण फिन्लींच्या खात्यावर ७२, ७३, ७४ अशी ओळीनं तीन जगज्जेतेपदं आहेत. खेचराचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

२००५ साली आले जॉन फिशर. आधी भागीदारीत, आणि २०१६ पासून एकहाती. यांचे आईवडील म्हणजे ‘गॅप’ या कपड्यांच्या दुकानांचे संस्थापक. घरची गरिबी नव्हे. १८ कोटींना घेतलेल्या संघाची किंमत २०२३ पर्यंत १०० कोटींच्या पुढं गेली. पगाराचा खर्च मात्र तिसांत शेवटून पहिला. चांगला खेळाडू तयार झाला, लोकांना नाव पाठ झालं, की चालला दुसऱ्या गावी. डोनाल्डसनला २०१४ च्या अखेरीस टोरांटोला धाडला. पुढच्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२२ च्या मार्चमध्ये ओल्सन आणि चॅपमन एकाच आठवड्यात गेले. भाच्यानं पाठीवर नाव असलेले शर्ट घेणंच सोडलं. म्हणाला, “धुऊन वाळेपर्यंत माणूस जातो.”

मैदानाचं तर विचारू नका. २०१३ च्या जूनमध्ये तिथली गटारं तुंबली आणि दोन्ही संघांना वर जाऊन फुटबॉलवाल्यांच्या न्हाणीघरात एकत्र अंघोळ करावी लागली. चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवल नाही. पण चाळीचं भाडंही तसंच असतं हो. इथं २०२२ साली खेळाडू विकून तिकिटं महाग केली. मग लोक येईनात. लोक येत नाहीत, तेव्हा गाव सोडतो, असं शेठजींचं म्हणणं. आता हे मैदान जुनाट होतं आणि नव्या मैदानाचं घोंगडं भिजत ठेवण्यात नगरपालिकेचाही हात होता, हे खरं. पण स्वयंपाक बिघडवून ‘पानावर कुणी बसत नाही’ म्हणणारा आचारी मी पहिल्यांदाच पाहिला.

बहिष्कार घालावा, तर तेच शेठजींना हवं! म्हणून १३ जून २०२३ ला लोकांनी उलटा बहिष्कार घातला : झाडून सगळे गेले. २७,७५९ माणसं, वार मंगळवार. अंगात हिरवे टी-शर्ट, छातीवर एकच शब्द : ‘विका’. ज्यांच्या घराण्यानं जगाला टी-शर्ट विकले, त्यांच्यासाठी खास शिवलेला माल! पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळं मैदान गप्प उभं राहिलं आणि मग एका आवाजात ‘संघ विका’ सुरू झालं. गंमत म्हणजे त्या रात्री हा हरणारा संघ टँपा बेसारख्या अव्वल संघाला २–१ असा हरवून बसला. आणि त्याच दिवशी नेवाडाच्या सेनेटनं लास व्हेगासच्या नव्या मैदानासाठी ३८ कोटींपर्यंतच्या सरकारी पैशाला मंजुरी दिली. आयुक्त मॅन्फ्रेड नंतर म्हणाले, एका रात्रीपुरती का होईना, जवळजवळ सरासरी गर्दी जमली, बरं वाटलं. लग्नाला आलेल्यानं वधूपित्याला ‘मांडव आज बरा दिसतोय’ म्हणावं, तशातला प्रकार.

त्या मोसमात संघ ११२ सामने हरला. २६ सप्टेंबर २०२४ ला ४६,८८९ लोकांनी शेवटचा सामना पाहिला. ५७ मोसमांचा संसार आवरून संघ सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानात पाहुणा म्हणून गेला. व्हेगासचं घर बांधून व्हायचं होतं.

आणि डिसेंबरात बातमी आली : लुईस सेवेरिनो या गोलंदाजाशी तीन वर्षांचा करार, ६ कोटी ७० लाख डॉलर. संघाच्या तोपर्यंतच्या इतिहासातला सगळ्यात मोठा.

मी भाच्याला फोन केला. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “म्हणजे मामा, पैसे होते.”

‘विका’वाला शर्ट त्यानं अजून टाकलेला नाही. रविवारी गाडी धुताना घालतो.