आलेखाची निवड आणि प्रश्नाचे भान : अहवाल-प्रणालींतील आलेखप्रकारांची चिकित्सा

बीजशब्द : आलेखप्रकार, अहवाल-प्रणाली, अक्षाचे प्रमाण, बाल लिंग गुणोत्तर, क्षेत्रघनी नकाशा

प्रस्तावना :

आकडेवारी गोळा करणे, ती तक्त्यात मांडणे आणि तक्त्यावरून आलेख काढणे ही एकेकाळी तीन स्वतंत्र कामे होती. आलेखकागदावर अक्ष आखण्यापूर्वी एक सेंटीमीटर म्हणजे किती एकके हे ठरवावे लागे आणि ते ‘प्रमाण’ कागदाच्या कोपऱ्यात लिहावे लागे. शालेय गणिताने लावलेली ही शिस्त वरकरणी किरकोळ वाटते. परंतु आपण वाचकाला काय दाखवणार आहोत याचा निर्णय आलेख काढणाऱ्यालाच घ्यावा लागत असे. एक्सेल, टॅब्लो, पॉवर बीआय यांसारख्या अहवाल-प्रणालींनी ही तिन्ही कामे एका पडद्यावर आणली. तक्ता निवडावा, एक कळ दाबावी आणि आलेख तयार व्हावा, इतके हे काम सुलभ झाले. महाविद्यालयाच्या स्वयं-अध्ययन अहवालापासून शासनाच्या आर्थिक पाहणीपर्यंत सर्वत्र आलेखांची संख्या वाढली, ती या सुलभतेमुळेच.

या सुलभतेत एक निर्णय मात्र नकळत हातातून निसटतो. कोणता आलेखप्रकार घ्यावा, हा निर्णय पुष्कळदा प्रणालीच घेते आणि अहवालकर्ता त्यास केवळ संमती देतो. आलेखप्रकाराची निवड हा सजावटीचा भाग नसून ती आकडेवारीविषयी केलेली एक विधानपूर्ण कृती आहे, या भूमिकेतून अहवाल-प्रणालींतील आलेखप्रकारांच्या यादीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. विवेचनासाठी महाराष्ट्रातील बाल लिंग गुणोत्तराची जनगणनेतील आकडेवारी आधारभूत मानली आहे.

आलेखप्रकारांची उत्पत्ती :

आज प्रणालीच्या यादीत शेजारी शेजारी बसलेले आलेखप्रकार एकाच वेळी किंवा एकाच हेतूने जन्मास आलेले नाहीत. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक ग्रंथात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे अनेक वर्षांचे चढउतार रेषांनी दाखवले. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्यापाशी एकाच वर्षाची आकडेवारी होती. काळाचा ओघच उपलब्ध नसल्यामुळे रेषा काढणे शक्य नव्हते. म्हणून त्याने प्रत्येक देशाशी झालेल्या व्यापारासाठी स्वतंत्र पट्ट्या काढल्या. स्तंभालेखाचा जन्म असा आकडेवारीच्या मर्यादेतून झाला. वृत्तालेख त्याने १८०१ मध्ये वापरला. तुर्की साम्राज्याचा प्रदेश आशिया, युरोप आणि आफ्रिका या खंडांत कसा विभागला आहे, हे दाखवणे हा त्यामागील हेतू होता. एका पूर्णाचे भाग दाखवण्याचा हेतू असल्यामुळे वर्तुळ योजले गेले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक आलेखप्रकार हा एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून निर्माण झाला आहे. काळानुसार बदल कसा झाला, याचे उत्तर रेषा देते. कोण मोठे आणि कोण लहान, याचे उत्तर स्तंभ देतो. पूर्णामध्ये कोणाचा वाटा किती, याचे उत्तर वर्तुळ देते. प्रणालीची यादी मात्र हे प्रश्न गाळून केवळ उत्तरांची चित्रे समोर ठेवते.

प्रणाली काय जाणते?

याबाबतीत प्रणालींच्या निर्मात्यांनी काहीच विचार केलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार समान मापपट्टीवरील स्थान मानवी दृष्टी सर्वांत अचूकपणे जोखते. लांबी, कोन, क्षेत्रफळ आणि घनफळ या क्रमाने अचूकता घटत जाते. आकडेवारीच्या स्वरूपावरून योग्य आलेख संगणकानेच सुचवावा, या दिशेने जॉक मॅकिनले यांनी १९८६ मध्ये काम केले आणि पुढे टॅब्लो प्रणालीतील ‘शो मी’ ही सुविधा त्याच विचारातून साकारली. एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीत शिफारस केलेल्या आलेखांची सोय आली.

तथापि या सुविधांची एक मूलभूत मर्यादा आहे. तक्त्यातील एखादा रकाना दिनांकांचा आहे, संख्यांचा आहे की स्थळनामांचा आहे, हे प्रणाली ओळखू शकते. त्या संख्येला सामाजिक अर्थ कोणता, तिची तुलना कशाशी व्हावयास हवी आणि अहवाल वाचणाऱ्याला कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हे तक्त्यात लिहिलेले नसते. शिवाय ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो, त्याच्याशी विसंगत असा त्रिमितीय वृत्तालेखही एक्सेलच्या यादीत इतर प्रकारांच्या बरोबरीने उभा असतो. त्यात पुढे आलेला भाग मोठा आणि मागे गेलेला भाग लहान भासतो. तो कधी वापरू नये याची सूचना यादी देत नाही.

एकच आकडेवारी, अनेक आलेख :

महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. गर्भलिंगनिदानाच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या सहा वर्षे आधी केला होता. त्यामुळे या तीन संख्यांकडे एका सामाजिक आणि प्रशासकीय अपयशाची नोंद म्हणून पाहावे लागते. हीच आकडेवारी निरनिराळ्या आलेखांत कशी दिसते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम वृत्तालेखाचा विचार करता येईल. १९९१ मध्ये या वयोगटात मुलींचा वाटा सुमारे ४८.६ टक्के आणि २०११ मध्ये ४७.२ टक्के येतो. वर्तुळात हे कोन अनुक्रमे १७५ आणि १७० अंशांचे होतात. पाच अंशांचा हा फरक डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाही. दोन्ही वर्तुळे निम्मी-निम्मी विभागलेली दिसतात आणि सर्व काही समतोल आहे, असा समज होतो.

शून्यापासून सुरू होणाऱ्या स्तंभालेखातही परिस्थिती फारशी बदलत नाही. पहिला स्तंभ १० सेंटीमीटर उंच काढला तर तिसरा सुमारे साडेनऊ सेंटीमीटरचा होतो. तिन्ही स्तंभ जवळपास सारखेच दिसतात.

याउलट, संख्या एकमेकींच्या जवळ असल्या की एक्सेल पुष्कळदा अक्षाचा आरंभ शून्याऐवजी वरच्या एखाद्या संख्येपासून करते. हा आरंभ ८६० पासून झाल्यास पहिल्या स्तंभाची उंची ८६ एककांची आणि तिसऱ्याची ३४ एककांची राहते. मुलींचे प्रमाण वीस वर्षांत निम्म्याहूनही खाली आले, असा भास त्यातून होतो. प्रत्यक्षातील घट साडेपाच टक्क्यांची आहे. एका आलेखात संकट अदृश्य होते, तर दुसऱ्यात ते अतिरंजित होते. दोन्ही आलेखांमागील आकडे मात्र तंतोतंत तेच असतात.

शून्याचा नियम आणि त्याची मर्यादा :

अक्ष शून्यापासून सुरू करावा, हा नियम सांख्यिकीच्या अध्यापनात दृढ झाला आहे. डॅरेल हफ यांच्या १९५४ मधील सुप्रसिद्ध पुस्तकाने खालून कापलेल्या आलेखांविषयी वाचकांना सावध केले आणि ते योग्यच होते. स्तंभालेखाच्या बाबतीत हा नियम अनुल्लंघनीय मानावा लागतो, कारण स्तंभ आपला अर्थ लांबीतून सांगतो. लांबी कापली की अर्थही कापला जातो. परंतु सर्वच आलेखांवर हा नियम सरसकट लादणे हीदेखील एक प्रकारची यांत्रिकताच होय.

बाल लिंग गुणोत्तर शून्य असणे ही कल्पनाही कोणत्याही समाजात संभवत नाही. या निर्देशांकाचा अर्थ शून्याच्या संदर्भात लागतच नाही. जन्माच्या वेळी निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे असतात. म्हणजेच दर १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. अर्थपूर्ण संदर्भरेषा ती ही होय. बिंदू अथवा रेषा आपला अर्थ स्थानातून सांगतात. म्हणून ९५० च्या पातळीवर एक आडवी संदर्भरेषा आखून तिच्याखाली ९४६, ९१३ आणि ८९४ हे तीन बिंदू क्रमाने उतरत जाताना दाखवणे आणि अक्ष कोठून सुरू होतो हे स्पष्ट नोंदवणे, हा या आकडेवारीला न्याय देणारा मार्ग ठरतो. येथे वाचकाचे लक्ष अपेक्षित पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांमधील वाढत्या अंतराकडे जाते आणि नेमका तोच प्रश्न आहे.

या आलेखातही दोन पथ्ये पाळावी लागतात. जनगणना दहा वर्षांतून एकदा होते आणि २०२१ ची जनगणना नियोजित वेळी झाली नाही. त्यामुळे बिंदूंना जोडणारी रेषा मधल्या वर्षांविषयी काहीही सांगत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. दुसरे असे की, २०११ नंतरची पोकळी भरण्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील जन्मावेळचे लिंग गुणोत्तर याच रेषेवर जोडण्याचा मोह होऊ शकतो. ते वेगळे मोजमाप आहे. प्रणाली दोन्ही संख्या एकाच रकान्यात निमूटपणे स्वीकारते आणि त्यांमधून अखंड रेषा काढून देते.

राज्य, जिल्हा आणि नकाशा :

राज्याची सरासरी दाखवणारा आलेख कितीही काटेकोर असला, तरी तो दुसऱ्या प्रश्नावर मौन बाळगतो. २००१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात हे गुणोत्तर ८३९ होते. २०११ मध्ये ते ८६३ झाले. त्याच दशकात बीड जिल्ह्यात ते ८९४ वरून ८०७ पर्यंत घसरले. एका जिल्ह्याने सुधारणेची दिशा धरली आणि दुसरा खोल गर्तेत गेला, हे राज्याच्या एका रेषेत सामावत नाही.

येथे प्रणालीचा स्वाभाविक कल जोडस्तंभालेखाकडे असतो. २०११ मधील ३५ जिल्ह्यांचे प्रत्येकी दोन याप्रमाणे ७० स्तंभ उभे राहतात आणि जिल्हे अकारविल्हे लागले तर वाचकास त्यांतून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी डावीकडे २००१ आणि उजवीकडे २०११ असे दोन उभे अक्ष घेऊन प्रत्येक जिल्ह्याचे दोन बिंदू एका रेषेने जोडल्यास चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या रेषा तत्काळ वेगळ्या दिसतात. असा उताररेषांचा आलेख एक्सेलच्या यादीत त्या नावाने आढळत नाही. साध्या रेषालेखातूनच तो घडवावा लागतो. जे यादीत नाही ते अहवालकर्त्याच्या कल्पनेतही येत नाही, ही यादीची सर्वांत मोठी मर्यादा म्हणता येईल.

स्थळनामे दिसली की प्रणाली नकाशा सुचवते. क्षेत्रघनी नकाशा कोठे काय आहे हे सांगतो. परंतु तो मोठ्या क्षेत्रफळाला मोठा आवाज देतो. १४,४१२ चौ. किमी विस्ताराच्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १०,७२,९४२ होती, तर नकाशावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या मुंबई शहर जिल्ह्याची ३०,८५,४११. गडचिरोलीतील बाल लिंग गुणोत्तर राज्याच्या सरासरीहून बरेच वर असल्याने नकाशावर समाधानकारक रंगाचा विस्तीर्ण पट्टा दिसतो. त्यामागे मुले किती, हे रंग सांगत नाही. रंगांच्या वर्गमर्यादाही पुष्कळदा प्रणालीच ठरवते. मर्यादा ९०० वर आली तर ८९९ आणि ९०१ हे गुणोत्तर असलेले दोन जिल्हे दोन भिन्न जगांत जाऊन पडतात.

क्रमाचा प्रश्न :

आलेखप्रकार योग्य असूनही मांडणीचा क्रम चुकला तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने मे २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोविड रुग्णसंख्येच्या स्तंभालेखात आढळते. त्यातील दिनांक कालक्रमाने न लावता रुग्णसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावलेले होते. त्यामुळे साथ सतत ओसरत असल्याचे चित्र निर्माण झाले. टीका झाल्यानंतर तो आलेख दुरुस्त करण्यात आला. संख्यांच्या उतरत्या क्रमाने मांडणी करणे ही जिल्ह्यांच्या तुलनेत उपयुक्त सोय आहे. काळाच्या अक्षावर मात्र तीच दिशाभूल ठरते. सोय आणि दिशाभूल यांतील सीमारेषा प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हेच यातून पुन्हा अधोरेखित होते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, अहवाल-प्रणालींनी आलेख काढण्याचे श्रम कमी केले आहेत, आलेख निवडण्याची जबाबदारी मात्र कमी केलेली नाही. प्रणालीची शिफारस आकडेवारीच्या आकारावर आधारलेली असते, तर योग्य निवड आकडेवारीच्या अर्थावर. म्हणून यादी उघडण्यापूर्वी अहवालकर्त्याने आपला प्रश्न एका पूर्ण वाक्यात लिहून काढणे इष्ट होय. हा प्रश्न बदलाचा आहे, तुलनेचा आहे, वाट्याचा आहे की स्थानाचा, हे त्या वाक्यातूनच स्पष्ट होते. त्यानंतर संदर्भरेषा कोणती आणि अक्षाचा आरंभ कोठून, हे ठरवावे व आलेखावर नोंदवावे. वाणिज्य, भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या सर्वच विद्याशाखांत संगणकीय प्रणालींचे प्रशिक्षण दिले जाते. त्यात कळ कोणती दाबावी याबरोबर ती का दाबावी, याचाही समावेश होणे अगत्याचे आहे.

बीड जिल्ह्यातील ८०७ ही संख्या वर्तुळाच्या एका पाकळीत बसवली तर ती ४४.७ टक्के होऊन निरुपद्रवी दिसते. नैसर्गिक पातळीच्या रेषेखाली ती ठेवली तर दर हजार मुलग्यांमागे सुमारे दीडशे मुली कोठे गेल्या, असा प्रश्न वाचकासमोर उभा राहतो. हा प्रश्न विचारला जावा की जाऊ नये, याचा निर्णय आलेखप्रकार निवडण्याच्या त्या एका क्षणी झालेला असतो.