वर कुठलं, खाली कुठलं? रोदँची जलरंगातली नग्नचित्रं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं की ऑग्युस्त रोदँ एवढा मोठा शिल्पकार, मग त्याच्या त्या पातळ रंगातल्या नग्न बायकांना चौकटीत घालून भिंतीवर का टांगायचं? प्रश्न खोचक आहे. मला तो आवडला.

आधी ही चित्रं कशी झाली ते पाहू. स्टुडिओत मॉडेल पोझ देऊन ताटकळत उभी नसायची. ती चालायची, लोळायची, केस विंचरायची. रोदँची नजर तिच्यावर असायची, कागदावर नाही. पेन्सिल आपली चालू. कागद भरला की दुसरा. मग एखादी रेघ पसंत पडली तर ती कोऱ्या कागदावर गिरवून घ्यायची आणि वर अंगाच्या रंगाचा एक ओला हात फिरवायचा. हा रंग रेघेच्या आत राहत नाही. खांद्यावरून बाहेर सांडतो, मांडीपाशी कमी पडतो. कधी तो आकृत्या कात्रीनं कापून एकमेकींशेजारी ठेवून बघे. आणि कधी कागदच फिरवून नवी खालची बाजू ठरवी, तिथे तसं लिहूनही ठेवी. म्हणजे झोपलेली बाई उभी झाली, की उडायला लागली!

आता तुम्ही याला चौकट केलीत, मागे कडी ठोकलीत, की वर-खाली कायमचं ठरलं. माझी खरी तक्रार तिथे आहे. नग्नतेबद्दल नाही.

आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वं मांडली. रेघ आणि रंग यांचा इथला विरोध त्या भाषेत छान सांगता येतो. पण तेवढ्यानं भागत नाही हो. नुसती लयच हवी असती तर मडकं चाललं असतं. इथे शरीर आहे, आणि तेही पैसे घेऊन पोझ देणाऱ्या बाईचं. काही कागदांवर रोदँ नुसता डोकावतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे रेघही आळसावते. जिथे शरीर स्वतःच्याच हालचालीत गुंतलंय, आपल्याकडे बघतही नाही, तिथे मात्र तो थोर आहे.

१९०६ साली वायमारमध्ये त्याच्या अशाच चित्रांवरून गदारोळ झाला आणि संग्रहालयाचा प्रमुख हॅरी केसलर याला पद सोडावं लागलं. त्याच वर्षी रोदँ कंबोडियाच्या नर्तकींच्या मागे थेट मार्सेयला गेला. त्या नखशिखांत वस्त्रात होत्या, आणि चित्रांची जात तीच! हे ध्यानात घ्या. आपण हसू नये. १९५४ मध्ये मुंबईत अकबर पदमसींवर चित्रातल्या नग्नतेवरून खटला झालाच होता. ते निर्दोष सुटले, ही गोष्ट वेगळी.

इथे अलिबागकडच्या मंडळींना मी सासवणं आठवायला सांगेन. विनायक पांडुरंग करमरकर तिथलेच, १८९१ चा जन्म. त्यांच्या घरातली, अंगणातली शिल्पं तुम्ही पाहिली असतील. सिमेंटमधलं काम, पण माणूस असो की म्हैस, पाय जमिनीत रोवलेला. वजन जाणवतं. शिल्पकाराला आयुष्यभर ह्या वजनाशी झगडावं लागतं: कुठे टेकू, कुठे सळई. रोदँही तेच करत आला होता. जलरंगात त्यानं ते ओझं टाकून दिलं. म्हणून ही चित्रं म्हणजे शिल्पाची पूर्वतयारी, हे म्हणणं मला पटत नाही. ह्यातल्या बहुतेक आकृत्या ब्राँझमध्ये उभ्याच राहणार नाहीत.

टांगायचीच असतील तर संग्रहालयं करतात तसं करावं. मंद उजेड, थोडे दिवस, मग परत पेटीत. जलरंग उजेडानं उडतो. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद काचेला चिकटला की बुरशी आलीच, ते वेगळं सांगायला नको. पेटीतून काढलेला कागद हातात धरून फिरवता तरी येतो. पुढच्या वेळी नटराजावर रोदँनं जे लिहिलं त्याकडे वळू.